गाडी आमची, माल दुसऱ्याचा

इचलकरंजीहून कापडाच्या गाठी घेऊन भिवंडीला जाणारी आमची एक दहाचाकी आहे. दीर स्वतःच ती चालवतात, मालकही तेच. गाडीची फाईल आधी सासरे सांभाळायचे. त्यांना दिसायला कमी आलं तशी ती माझ्याकडे आली. परमिट, फिटनेस, पीयूसी यांच्या तारखा चुकू द्यायच्या नाहीत, एवढंच मला ठाऊक होतं. मग एका कापड व्यापाऱ्याने दर महिन्याला ठरलेल्या खेपा द्यायची तयारी दाखवली आणि अट घातली की विम्याचा कागद आणून दाखवा. दीर म्हणाले, "वहिनी, फुल इन्शुरन्स आहे की गाडीला. त्याचीच झेरॉक्स द्या." झेरॉक्स काढण्याआधी मी तो कागद शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला बसले. त्यात मालाचं नाव कुठेच सापडलं नाही.

पॉलिसीचे दोन भाग होते. एक आमच्या गाडीच्या नुकसानीचा आणि दुसरा तिसऱ्या पक्षाचा. तिसरा पक्ष म्हणजे रस्त्यावरचा माणूस, समोरची गाडी, कुणाच्या घराची भिंत. हा दुसरा भाग १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. पण विमाधारकाच्या ताब्यात किंवा सांभाळायला दिलेली मालमत्ता त्यातून वगळली होती, आणि हौद्यातल्या गाठी नेमक्या तशाच. पुढे आणखी एक गोष्ट समजली. मालाबरोबर केबिनमध्ये बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस १९९४च्या दुरुस्तीपासून या सक्तीच्या विम्यात येतो. म्हणजे अपघातात त्याचा हात मोडला तर भरपाई आहे, पण त्याच्या पाठीमागे असलेला त्याचाच माल जळाला तर नाही. दिरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. इतकी वर्षं खंबाटकी आणि खंडाळा हे वाटेतले दोन्ही घाट ते याच भरवशावर उतरत होते.

मग मी आमच्या एजंटकडे गेले आणि मालाचा विमा मागितला. त्यांनी दिलेल्या फॉर्मवर 'मरीन' लिहिलं होतं. रस्त्याने जाणाऱ्या मालाचा विमाही समुद्री विम्याच्याच खात्यात येतो, ही मला नवीन माहिती. समुद्री विम्याचा कायदा १९६३चा. देशातल्या देशात रेल्वेने किंवा रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी या विम्यात ए, बी आणि सी अशी तीन कलमपत्रं असतात. सी सगळ्यात तोकडं, त्यात फक्त आग आणि वीज. बीमध्ये त्यावर पूल कोसळणं, गाडीची धडक आणि गाडी उलटणं येतं. ए सगळ्यात मोठं. जे स्पष्ट वगळलेलं नाही, ते सगळं त्यात धरतात. मला बी पुरेसं वाटलं, कारण आमची भीती खंबाटकीची आणि खंडाळ्याची, गाडी उलटण्याची. एजंटांनी विचारलं, "ताई, ताडपत्री फाटून गाठी भिजल्या तर? ढाब्यावर रात्री दोन गाठी गेल्या तर?" दोन्ही बीमध्ये नाहीत. आणि आमच्याकडे तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस थांबत नाही.

एमध्येही काय येत नाही, हे त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं. बांधणी कमकुवत असेल, मालाच्या अंगचाच दोष असेल, वजनात नेहमीची घट आली असेल, तर पैसे मिळत नाहीत. उशिरामुळे झालेलं नुकसानही मिळत नाही. हे वाचताना मला लासलगावचा कांदा आणि नाशिकची द्राक्षं नेणारे आठवले. घाटात कुणा दुसऱ्याची गाडी आडवी पडून रस्ता बंद झाला आणि त्यात द्राक्षं नासली, तर सगळ्यात मोठ्या पॉलिसीतूनही ते नुकसान भरून येत नाही. दंगल आणि संप यांचं कलम वेगळं असतं, ते जादा हप्ता भरून जोडून घ्यावं लागतं. विमा सुरू होतो तो गाठ गाडीत चढताना, आणि संपतो माल ठरलेल्या गोदामात पोचल्यावर. गाडी त्या गावात पोचूनही माल गोदामात गेला नाही, तर सात दिवसांनी आपोआप संपतो. मी भराभर लिहून घेत होते. शेवटी एजंटांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "पण ताई, माल कुणाचा आहे?"

माल व्यापाऱ्याचा. मग मालाचा विमा त्याने घ्यायचा, कारण माल गेला तर पहिलं नुकसान त्याचं. मी त्या व्यापाऱ्याच्या मुनीमजींना फोन केला, तेव्हा कळलं की त्यांच्याकडे ओपन पॉलिसी आहेच. वर्षभराच्या मालासाठी एक मोठी रक्कम विम्यात धरून ठेवायची, खेप निघाली की तिची किंमत कळवायची, आणि तेवढी रक्कम त्यातून कमी होत जाते. मला हायसं वाटलं. माल विम्यात आहे, काही झालं तर कंपनी पैसे देईल, मग आमच्याकडे कोण कशाला येईल? एजंट म्हणाले, "कंपनीच येईल."

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त वेळ याच ठिकाणी लागला. छोट्या गाडीमालकाने बाकी काही नाही तरी एवढं समजून घ्यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. विमा कंपनी व्यापाऱ्याला भरपाई देते आणि त्याच क्षणी व्यापाऱ्याच्या जागी उभी राहते. त्याचे वाहतूकदाराविरुद्ध जे हक्क होते, ते आता तिचे. याला सबरोगेशन म्हणतात, आणि ते १९६३च्या कायद्याच्या ७९व्या कलमातच आहे. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठापुढे असंच एक प्रकरण होतं. सुती धाग्याचा माल, वाहनाला अपघात, विमा कंपनीने गिरणीला पैसे दिले, आणि मग कंपनी व गिरणी मिळून वाहतूकदाराविरुद्ध उभ्या राहिल्या. भरपाई दिलेली कंपनी माल पाठवणाऱ्याच्या नावाने किंवा त्याला सोबत घेऊन दावा करू शकते, हे त्या पीठाने मान्य केलं. सूत आणि कापड यांवरच जगणाऱ्या आमच्या गावात हा निकाल कुणी मोठ्याने वाचून दाखवायला हवा होता.

त्यातून एक जुनं कोडंही उलगडलं. माल ओला पोचला की व्यापारी लगेच वकिलाच्या भाषेतलं पत्र धाडतो, आणि वर्षानुवर्षांचे संबंध असे का तुटतात, म्हणून सासरे हळहळायचे. पण त्याच्या पॉलिसीची अटच आहे की वाहतूकदाराविरुद्धचा हक्क त्याने वेळेत जपायचा. रस्ता वाहतूक कायदा सांगतो की माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस दिली नाही, तर दावा चालत नाही. ते पत्र त्याने पाठवलं नाही, तर त्याची स्वतःची भरपाई अडते.

हा रस्ता वाहतूक कायदा २००७चा. १८६५चा जुना कॅरियर्स कायदा रद्द करून तो आला, आणि २०११मध्ये लागू झाला. त्यात वाहतूकदाराच्या जबाबदारीला एक मर्यादा आहे, ती म्हणजे भाड्याच्या दहापट, आणि तीही मालाच्या जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. समजा भाडं ३०,००० रुपये आणि गाठी २० लाखांच्या. जबाबदारी ३ लाखांपर्यंत. २० लाखांपुढे ३ लाख म्हणजे सुटकाच वाटते, पण आमच्यासारख्या घरात ३ लाख म्हणजे गाडीच्या कित्येक महिन्यांच्या हप्त्यांचे पैसे. शिवाय माल पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर द्यायचं स्पष्ट कबूल केलं असेल, तर ही मर्यादाच उरत नाही. चार पैसे जास्त मिळतात म्हणून हौसेने सही करावी, असं हे कलम नव्हे. आणि माल पाठवणाऱ्याला वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्धही करावा लागत नाही. वाहतूकदार सुटतो तो नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती अशा मोजक्या कारणांनी, आणि तेव्हाही आपण काळजी घेतली होती, हे त्याला दाखवावं लागतं.

"पण बिल्टीवर 'ओनर्स रिस्क'चा शिक्का असतोय की," दीर म्हणाले. असतो. बिल्टी म्हणजे माल घेतल्याची वाहतूकदाराची पावती, आणि शिक्क्याचा अर्थ जोखीम मालाच्या मालकाची. पण त्या शिक्क्याने निष्काळजीपणाची जबाबदारी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्येच सांगितलं आहे. मी त्यांना जुन्या बिल्ट्या काढायला लावल्या. त्या पाहताना दिसलं की एकाही बिल्टीवर आमचं नाव वाहतूकदार म्हणून नव्हतं. बिल्टी आम्हाला माल मिळवून देणाऱ्या ट्रान्सपोर्ट ऑफिसची, गाडी नंबर आमचा. कायद्यासमोर पहिलं उत्तर ऑफिसने द्यायचं, आणि ते दिल्यावर ऑफिस आमचं बाकी भाडं अडवून बसणार. ऑफिसशी आमचा काही लेखी करार? कधीच नव्हता. सगळं फोनवर आणि ओळखीवर.

एवढं समजल्यावर मी पुन्हा एजंटांकडे गेले आणि या वेळी काय मागायचं ते मला सांगता आलं. आम्हाला मालाचा विमा नको होता, मालाबद्दलच्या आमच्या जबाबदारीचा हवा होता. त्याला कॅरियर्स लीगल लायबिलिटी म्हणतात. त्यात दोन आकडे ठरवायचे असतात, एका अपघाताला जास्तीत जास्त किती आणि वर्षभरात जास्तीत जास्त किती. आगीने किंवा गाडीच्या अपघाताने माल बिघडला आणि त्यात आमची किंवा आमच्या माणसाची चूक असली, तर कंपनी आमच्या वतीने देते. पण नुसती भिजलेली गाठ त्यात बसत नाही. म्हणजे पावसावर पॉलिसी नाही, ताडपत्रीच. लायसन्स, परमिट, फिटनेस चालू हवं आणि गाडीत माल ठरल्या वजनापेक्षा जास्त नको, हेही त्यांनी बजावलं. तारखांची माझी वही आता विम्याचा भाग झाली.

नंतर मी दिरांबरोबर माल भरताना जाऊन उभी राहिले, कारण बांधणीबद्दलचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. हमाल झपाझप गाठी लावत होते. दोन-तीन गाठींची गोणपाटं उसवलेली होती. दिरांनी ती नेहमीसारखी आत ढकलायला सांगितली. मी मुनीमजींना म्हटलं, एवढं बिल्टीवर लिहून द्या. त्यांना राग आला नाही, उलट त्यांनी गाठी बदलून दिल्या. चढवताना लिहिलं नाही, तर भिवंडीच्या गोदामातला माणूस 'माल फाटका मिळाला' असा शेरा मारणार आणि तो आमच्या माथी येणार. एका ओळीचं काम, पण ते करायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

केबिनमध्ये लावायला एक कागद केला. अपघात झाला तर आधी माणसं सुरक्षित, मग पोलिसांना आणि कंपनीला लगेच कळवायचं. गाडी आणि माल हलवण्याआधी फोटो. उरलेला माल झाकायचा आणि जपायचा, कारण नुकसान वाढू दिलं तर तेवढी भरपाई कापली जाते. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेयर येईपर्यंत भिजलेल्या गाठी कुणाला विकायच्या नाहीत, मग ढाबेवाला कितीही चांगला भाव देवो. माल उतरवणाऱ्याने शेरा लिहिला, तर त्या प्रतीचा फोटो घरी पाठवायचा. दिरांनी वाचलं आणि म्हणाले, "फोन नंबर मोठ्या अक्षरात लिवा वहिनी, रात्रीचं दिसत न्हाई."

व्यापाऱ्याशी बोलणी अजून पूर्ण झालेली नाहीत. मुनीमजींना एका अपघाताला २० लाखांची जबाबदारी हवी आहे. मी त्यांना सांगितलं आहे, की मर्यादा तेवढी वाढवली तर हप्ता वाढतो, आणि तो भाड्यात दिसायला हवा. ते मालकांना विचारून सांगणार आहेत. दरम्यान सामान्य वाहतूकदार म्हणून स्वतःच्या नावावर नोंदणी करायचा अर्ज मी आणला आहे. ती दहा वर्षं चालते, आणि तिच्यामुळे बिल्टी आमच्या नावाने फाडता येईल. मग भाडं थेट आमच्या हाती येईल आणि १८० दिवसांच्या आतली नोटीसही थेट आमच्या दारात येईल. दिरांना त्यातलं पहिलं हवं आहे. दुसऱ्याची किंमत भाड्यात किती धरायची, हे आम्ही दोघं मिळून मांडतो आहोत.