तलावाची ऊब

मेलबर्नला लेकाच्या अंगणात पोहण्याचा तलाव आहे. डॉक्टरांनी आमच्या गुडघ्यांसाठी पाण्यातील व्यायाम सांगितलेला. परंतु पाणी थंडगार. सौर तापक घ्यावयाचे ठरले, तेव्हा विक्रेत्याने काचेची तबके पुढे केली. स्नानाला ६० अंशांचे पाणी साठवायचे असते, तेथे काच शोभते; तलावाला २८ अंश पुरेत. त्यासाठी छपरावर अंथरलेली काळ्या प्लास्टिक नळ्यांची उघडी चटईच बरी, आणि स्वस्तही. मात्र ती तलावाच्या निम्म्याहून मोठी हवी आणि तोंड उत्तरेकडे. वसईकराला हे उफराटेच! बहुतेक ऊब बाष्पाबरोबर उडून जाते, म्हणून आच्छादन आधी घ्या, असा आग्रह आम्ही धरला. सूनबाईंनी तो मानला. भर हिवाळ्यात चटईचा उपयोग थोडाच. नोव्हेंबर ते मार्च मात्र आम्ही दोघे रोज सायंकाळी पाण्यात चालतो.