डोलीचा काटा



मागच्या वेळी उन्हाळी पापडांवर लिहिलं होतं. आजचा विषय जरा अवघड आहे, कारण तो माझ्या वजनाचा आहे. पण तुमच्यापाशी नाही बोलायचं तर कुणापाशी?

दोन वर्षांपूर्वी आम्ही सम्मेद शिखरजीला गेलो होतो. आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे, वंदना २७ किलोमीटरची असते. नऊ किलोमीटर चढ, नऊ वर टोंकांची वंदना आणि नऊ उतार. मी सासूबाईंसाठी डोली ठरवायला मधुबनात गेले आणि मनातल्या मनात स्वतःसाठीही ठरवून टाकली. तिथे डोलीचे पैसे वजनावर ठरतात. सासूबाई काट्यावर चढल्या, दोन माणसं ठरली. मी चढले तर काटा ८६ वर थांबला. डोलीवाला दुसऱ्याला म्हणाला, "चार लगेंगे."

सासूबाई तेव्हा ७१ वर्षांच्या, मी ४३. त्यांना दोन माणसं आणि मला चार! त्यातली दोन पोरं माझ्या मुलाच्या वयाची होती.

वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाची ती भूमी. प्रत्येक टोंकेवर डोकं टेकवताना मन भरून यायला हवं होतं. पण मला सारखा ऐकू येत होता तो त्या चौघांचा श्वास. घरी मी पाणी गाळून घेते, धान्य निवडताना किडा दिसला तर हळूच बाजूला ठेवते. आणि इथे चार जिवांच्या खांद्यावर बसून पुण्य कमवायला निघाले होते. वृद्धांना, आजाऱ्यांना डोली लागतेच, त्या लोकांचं पोटही त्यावरच चालतं. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण मला काय धाड भरली होती?

शाळेत असताना मी ८०० मीटर पळायचे, तालुक्याला नंबरही आला होता. त्यामुळे कोल्हापूरला परतल्याबरोबर दुसऱ्याच दिवशी मुलीचे जुने कॅनव्हासचे बूट घालून पळायला सुरुवात केली. चार दिवस जोरात गेले. पाचव्या दिवशी नडगीत अशी कळ आली की जिना उतरताना कठडा धरावा लागला. तीन आठवडे घरात बसले. पळणं मनाला आठवत होतं, हाडांना नव्हतं.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. खरं तर तिथेच आधी जायला हवं होतं. आईला हृदयाचा त्रास होता म्हटल्यावर त्यांनी रक्तदाब, साखर, ईसीजी सगळं पाहिलं. मग समजावलं, "ताई, पळताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. श्वास आठवड्यांत सुधारतो, पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात. दम आहे म्हणून पळत सुटाल आणि पाय मोडून घ्याल." माझं नेमकं तेच झालं होतं.

तेव्हापासून जे केलं ते क्रमाने सांगते.

पहिले सहा आठवडे फक्त चालले. दहा मिनिटांपासून सुरू करून, काही न दुखता भरभर ३० मिनिटं चालता येईपर्यंत. मग पाच मिनिटं चालून अंग गरम करायचं, एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सहा वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. आठवड्यातून तीनच दिवस, मधे एक दिवस विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळी काही दुखलं नाही तरच पुढच्या आठवड्यात पळायचा वेळ थोडा वाढवायचा. दुखलं तर तोच आठवडा पुन्हा. मी एक आठवडा चारदा केला आहे, लाज वाटली नाही. विश्रांतीच्या दिवशी घरीच खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस दहा वेळा आणि ओट्याला धरून टाचा वर-खाली पंधरा वेळा. भाजी शिजेपर्यंत होतं.

वेग किती ठेवायचा? डॉक्टर म्हणाल्या, पळताना बोलता आलं पाहिजे. मी त्याचा माझा उपाय काढला. णमोकार पुटपुटायचा. एक-एक पद न अडखळता म्हणता आलं तर वेग बरोबर. पदाच्या मधेच श्वास तुटला की चालायला लागायचं. सासूबाईंना आधी हे पटलं नाही. "बूट घालून, घामेजल्या अंगाने णमोकार?" मग त्याच म्हणाल्या, "म्हण बाई, स्मरणाला कुठली आडकाठी?"

बूट मात्र पळण्याचेच घ्या, संध्याकाळी दुकानात जाऊन. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, पळतानाही सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. आतून घट्ट आधार देणारी खेळाची ब्रा घ्या, तिथे काटकसर करू नका. मांड्या घासून सोलवटत असतील तर लांब, घट्ट चड्डी आत घाला. आणि एक गोष्ट आपण एकमेकींनाही सांगत नाही. दोन बाळंतपणांनंतर पळताना मला लघवीचे थेंब जायचे. मला वाटलं, आता हे असंच. डॉक्टरांनी ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडायचे व्यायाम दिले, दोन-तीन महिन्यांत खूप फरक पडला. लपवू नका, विचारा.

आता आपल्या नियमांचं. सूर्यास्तानंतर मी पाणी घेत नाही आणि सकाळी दर्शनाआधीही नाही. म्हणजे बारा तास कोरडं अंग. सुरुवातीला तशीच पळाले आणि एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली. नियम मोडायचा नव्हता, मग वेळ बदलली. आधी दर्शन, मग उकळून गार केलेलं पाणी आणि दोन खजूर, अर्ध्या तासाने पळणं. अष्टमी-चतुर्दशीच्या उपवासाला पळत नाही. दशलक्षणात दहाही दिवस फक्त हळू चालणं. ज्यांना साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या आहेत त्यांनी उपवास आणि व्यायाम दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

दुसरा प्रश्न मनाला जास्त टोचत होता. मुनिमहाराज चार हात जमीन पाहून चालतात. आपण श्राविका, तेवढं जमत नाही, पण पळताना पायाखाली काय येतं ते मला दिसतच नव्हतं. एका आर्यिका माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "शरीर धड ठेवणं चुकीचं नाही, बेसावधपणा चुकीचा." तेव्हापासून लख्ख उजाडल्याशिवाय पळत नाही आणि मोकळ्या, कोरड्या मातीच्या मैदानावरच पळते. चातुर्मासात वाटेवर गोगलगाई, गांडुळं, पैसे निघतात, तेव्हा पळणं बंद. घरातच चालणं आणि जिना. गंमत म्हणजे यात माझाही जीव वाचला. अंधारातले खड्डे, कुत्री, ओलं शेवाळं, सगळंच टळलं.

आणि हे लक्षात ठेवा. स्नायू भरून येणं ठीक, पण एकाच जागी टोचणारं, पळताना वाढत जाणारं, लंगडायला लावणारं दुखणं असेल तर थांबा. छातीत दाब, हात-जबड्यात कळ, चक्कर, घाम फुटून मळमळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांतलं काहीही झालं तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. "पित्त असेल" म्हणून घरी लिंबूपाणी पीत बसू नका.

वजन? दीड वर्षात ८६ वरून ७९. फार नाही. जाऊबाई म्हणाल्याही, "एवढं पळून एवढंच?" पण रक्तदाब खाली आला, रात्री झोप लागते आणि सलग २० मिनिटं पळते. मैदानावरची पोरं चालत असल्यासारखी मला मागे टाकतात. टाकू देत.

गेल्या रविवारी कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर अनवाणी चढले. दोनदा थांबले, पण पायऱ्यांवर बसले नाही. फाल्गुनात पुन्हा शिखरजीला जायचं चाललंय. सासूबाईंसाठी डोली करणार, दोन माणसांची. मी त्यांच्या बाजूने चालणार आहे. पूर्ण २७ होतील की नाही, ते तिथेच कळेल. नाही झाले तर डोली आहेच, पण या वेळी आधी माझे पाय वापरून बघेन.

तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर उद्या पळू नका. उद्या दहा मिनिटं चाला. आणि मला कळवा.

जय जिनेंद्र.