माळवदावरची माती

लातूरहून निघालेली एसटी औसा, लामजना मागे टाकत किल्लारीला पोचली, तेव्हा दुतर्फा सोयाबीन पिवळं पडलं होतं. नव्या गावात सरळ रस्ते, सुटी सुटी घरं. मला जायचं होतं जुन्या गावठाणात. तिथे आता बाभळी आहेत आणि त्यांच्या बुडाशी दगडांचे ढीग.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. लातूर-उस्मानाबादेत जवळजवळ १० हजार माणसं गेली. एवढ्या ताकदीचे भूकंप जगात दरवर्षी शंभरावर होतात. इतकी माणसं क्वचितच मरतात. इथे ती घरांखाली मेली.

शेरडं राखणाऱ्या एका आजोबांनी उरलेली भिंत काठीने दाखवली. अडीच फूट रुंद. बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक, मधे गोटे नि चिखल. दोन्ही थर सांधणारा आरपार दगड एकही नाही. जमीन हलली की असे थर सुटतात, फुगतात, ओघळतात. मग वरचं माळवद खाली येतं: तुळया, फळ्या आणि हात-दीड हात माती.

"उन्हाळ्यात आत गार लागायचं बघा," आजोबा म्हणाले. "गळाया लागलं की पावसाच्या तोंडाला आणखी माती टाकायची. आज्यानं टाकली, बापानं टाकली, मीबी टाकली."

लेकरांना गारवा मिळावा म्हणून तीन पिढ्यांनी डोक्यावरून वाहिलेली माती. पुढे माझ्याच्याने काही विचारवेना.

त्या पहाटे भिंती पडल्या तरी अनेक घरांचे लाकडी खण उभेच होते. म्हणजे तारणारं लाकूड त्याच घरात होतं. त्याला तिरपे टेकू, भिंतीला आरपार दगड आणि दारांच्या वरून घराभोवती काँक्रीटची सलग पट्टी हवी होती. पण भूकंपाच्या नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ मध्ये किल्लारीला हादरे बसले होते, तरीही. तो पट्टाच २००२ मध्ये रद्द झाला.

५२ गावं नव्या जागी गेली. बाकीच्या गावांत जुनी घरं मजबूत करायचं काम निघालं. परतताना अशाच एका गावात थांबलो. दगडी भिंतीवर सिमेंटचे गोल ठिपके होते. घरातल्या आजींनी एकावर हात ठेवला. "हितून पार आतपोत सळई गेलीय. माझ्यासमोर घातली."

"आणि वरची माती?"

"निम्मी उतरवली. उन्हाळ्यात तापतं आता. तापू दे."