मु. पो. कुडपण

आमच्या बँकेत कारकुनाला व्हिजिटिंग कार्ड मिळत नाही. त्याला लोक आपणहून भेटायला येतात, आणि एकदा भेटले की पुन्हा भेटायची त्यांची इच्छा उरत नाही, असा वरच्यांचा हिशेब असावा. पण काउंटरच्या आत वीस वर्षं बसून मी इतरांची कार्डं इतकी पाहिली आहेत, की नुसत्या कार्डावरून खात्यातली शिल्लक सांगेन. अक्षरं जितकी जास्त, शिल्लक तितकी कमी. विमा, पोस्टाची बचत, रेल्वे रिझर्वेशन, झेरॉक्स आणि 'योग्य स्थळे सुचविली जातील' हा सगळा संसार साडेतीन इंच बाय दोन इंचांत मांडणारा गृहस्थ किमान शिल्लक राखताना घामाघूम झालेला असतो. ज्याच्या कार्डावर नुसतं नाव, त्याला पोचवायला मॅनेजर दारापर्यंत जातात.

हे शास्त्र मला अवगत असल्यामुळे (आणि घरात बी. कॉम. मी एकटाच असल्यामुळे) गेल्या मे महिन्यात कुडपणला मला लवाद म्हणून बसवण्यात आलं.

कुडपण हे आमचं गाव. पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी अंगाखांद्यावर. शेलारमामांचं गाव म्हणून त्याची ओळख. 1670 साली सिंहगडावर उतारवयात तलवार गाजवणाऱ्या त्या पुरुषाला ओळख पटवायला कार्ड लागलं नाही. आमच्या दादाला लागलं. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. मुंबईची नोकरी संपवून तो गावी परतला आणि धबधबे नि 'भीमाची काठी' हा सुळका बघायला येणाऱ्या मंडळींची घरीच जेवणामुक्कामाची सोय करू लागला. वहिनीच्या हातच्या तांदळाच्या भाकरी हाणून लोक निघताना विचारायचे, "काका, कार्ड आहे का?"

दादानं मजकूर तयार ठेवला होता. वर गणपती, डावीकडे शेलारमामा, उजवीकडे धबधबा, खाली सुळका, मध्ये स्वतः दादा. मग वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, मु. पो. ता. जि., दोन मोबाइल नंबर (पैकी एक गावात लागत नाही), शाकाहारी, मांसाहारी, आणि शेवटी 'आमची कोठेही शाखा नाही'.

दादाचा मुलगा मुंबईत उपयोजित कला शिकून ग्राफिक डिझायनर झाला आहे. त्यानं करून आणलेलं कार्ड पांढरंशुभ्र होतं. एका कोपऱ्यात, करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'कुडपण' आणि खाली दहा आकडे. दादानं ते उलटून पाहिलं. मग आम्ही नोट धरतो तसं उजेडात धरलं.

"छापखान्यात वीज गेली होती का रे?"

"बाबा, याला मिनिमलिझम म्हणतात." आणि पुतण्यानं सांगितलं, की 1928 साली जर्मनीत यान चिखोल्ट या गृहस्थानं नव्या अक्षरमांडणीवर पुस्तक लिहिलं. कोरी जागा म्हणजे उरलेली जागा नव्हे, तीही मांडणीचाच भाग, असं त्याचं म्हणणं.

"त्याला गिऱ्हाइकाला जेवायला घालायचं नव्हतं," दादा म्हणाला.

लवादाला बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "दादा, स्टेट बँकेचं चिन्ह बघ. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामतांनी केलेलं, 1971 सालचं. एक निळं वर्तुळ, त्यात बारीक भोक आणि एक चीर. कुणाला त्यात कुलूप दिसतं, कुणाला कांकरिया तळं. पन्नास वर्षं उलटली, पण वर्तुळ जागेवर आहे." मी त्या बँकेत नाही, म्हणून ही स्तुती निःपक्षपाती समजावी. दादावर परिणाम शून्य. मग मी महाराजांना मध्ये घातलं. शिवाजी महाराजांच्या पत्राला वर मोठी मुद्रा असे आणि मजकूर संपला की छोटी मर्यादेची मुद्रा. म्हणजे इथं थांबलो, यापुढे कुणी भर घालू नये. हे मात्र दादाला पटलं. धबधबा गेला, सुळका गेला, स्वतःचा फोटोही त्यानं उदारपणे काढला.

"पण आबांचं नाव का काढलंस?"

पुतण्या म्हणाला, "गिऱ्हाइकाला आजोबांच्या नावाचं काय करायचंय?"

दादा काही बोलला नाही. आत जाऊन त्यानं ट्रंकेतून एक पुडकं आणलं. आबांची कार्डं. आबा, म्हणजे माझे काका, मुंबईला गिरणीत होते. साच्यावरच्या माणसाला कोण कार्ड मागणार? पण हौसेनं शंभर छापून घेतली होती, आणि पुडक्यात अजून नव्वदेक शिल्लक होती. खिळे जुळवून ट्रेडल मशिनवर छापलेली. नाव, आणि खाली मु. पो. कुडपण, जि. कुलाबा. 1981 साली कुलाब्याचा रायगड झाला आणि ती नव्वद कार्डं पत्त्यानिशी जुनी झाली. पुतण्यानं एक कार्ड उलटं करून पाठीवरून बोट फिरवलं. खिळ्यांचे उठाव हाताला लागत होते. बराच वेळ बोट तिथंच होतं.

पुढच्या खेपेला तो आला तो नवीन नमुना घेऊन. कोरी जागा होतीच. पण अक्षरं काळी, चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी. आबांच्या नावासकट दादाचं पूर्ण नाव, खाली मु. पो. कुडपण, आणि गावात लागणारा नंबर. जिल्हा वगळला होता. तो पुन्हा बदलला तर काय, असं म्हणाला.

कार्डाला गुळगुळीत लॅमिनेशन होतं. दादानं पहिल्याच पाहुण्याला कार्ड देताना कोऱ्या जागेत परतीच्या एस्टीची वेळ लिहायला घेतली, तर बॉलपेन घसरायला लागलं. तीन आकडे उमटले, चौथा कार्डाबाहेर गेला. पुतण्यानं ते पाहिलं आणि उरलेली कार्डं पिशवीत भरून परत नेली. आता साध्या जाड कागदावर छापतो. दादा प्रत्येकाला वेगळं लिहून देतो. कुणाला फाट्याची खूण, कुणाला पावसात कुठल्या वाटेनं जायचं नाही ते, एका बाईंना वहिनीच्या कुळथाच्या पिठल्याची कृती, तीही दोन्ही बाजूंनी.

परवा दादाचा फोन आला होता. "त्याला सांग, पुढच्या वेळी अक्षरं जरा बारीक काढ. लिहायला जागा पुरत नाही."