पोटावरची पिशवी आणि आपली चळवळ

यंदाच्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मी नव्हतो. पंचवीस वर्षांत असे पहिल्यांदाच झाले. अनेकांनी विचारले, "दादा, दिसला नाहीत?" मी म्हणालो, "तब्येत बरी नव्हती." हे खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते.

पूर्ण खरे असे आहे. मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. तो चौथ्या टप्प्यात आहे, म्हणजे यकृतापर्यंत पोहोचला आहे. आतडे बंद पडल्यामुळे तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हापासून माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला एक छिद्र आहे आणि शौच त्या वाटेने एका पिशवीत जमा होते. मिरवणुकीच्या गर्दीत कुणाचा धक्का लागून ती पिशवी सुटली, तर निळ्या झेंड्याखाली माझी काय शोभा होईल, या भीतीने मी घरात बसून राहिलो.

हे लिहायला मला वर्ष लागले. का लागले, त्याचा विचार केला तेव्हा लक्षात आले की हा माझ्या एकट्याच्या आजाराचा प्रश्न नाही, आपल्या चळवळीचाही आहे. म्हणून लिहितो आहे.

आधी आपल्या तरुणांसाठी कामाची गोष्ट. मला शौचातून रक्त जात होते. मी ते मूळव्याध समजलो. ओळखीच्या वैद्याने पुड्या दिल्या, त्या आठ महिने खाल्ल्या. सभा, मोर्चे, दौरे चालूच होते. वजन उतरले तर लोक म्हणाले, धावपळ फार होते. रक्त कमी झाले, दम लागू लागला, तरी कोलोनोस्कोपी केली नाही. त्या जागेची तपासणी कोण करून घेणार, ही लाज होती. मित्रहो, शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय तीन आठवड्यांहून जास्त बदललेली असेल, विनाकारण वजन उतरत असेल, तर "मूळव्याध असेल" असे स्वतःच ठरवू नका. वय कमी आहे म्हणूनही निश्चिंत राहू नका. हा आजार लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. माझा लवकर सापडला नाही, त्याला गरिबीपेक्षा लाज जास्त कारणीभूत आहे.

आता मुद्द्यावर येतो. आजार कळला तेव्हा आपल्या माणसांनी काय केले नाही? रक्त द्यायला पोरे रांगेत उभी राहिली. वस्तीने वर्गणी काढली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कागद करायला दोन कार्यकर्ते आठवडाभर फिरले. मी या सर्वांच्या ऋणात आहे. पण भेटायला आलेला प्रत्येक जण एकच बोलायचा, "दादा, तुम्ही लढवय्ये आहात, याच्याशीही लढाल." मी मान हलवायचो. कारण मी रडलो असतो तर त्यांचे धैर्य खचले असते. पुढारी आजारी पडला तरी पुढारीच राहतो, आणि पुढाऱ्याला मदत मिळते, सोबत मिळत नाही. मदत वरून किंवा खालून येते, सोबत बरोबरीच्या माणसाकडूनच येते. त्या वेळी माझ्या बरोबरीचा कोण होता? ज्याच्या पोटावर पिशवी आहे, तोच.

असा माणूस शोधायला मी निघालो. एका ठिकाणी रुग्णांचा मेळावा होता, तिथे गेलो. सुरुवात देवाच्या प्रार्थनेने झाली. शेजारी बसलेल्या गृहस्थाने आधी आडनाव विचारले, मग आजार. व्यासपीठावरून एका बाईंनी सांगितले की आजार हे मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ असते आणि मन सकारात्मक ठेवले की शरीर बरे होते. गोमूत्राचाही उल्लेख झाला. मी उठून आलो. जे तत्त्वज्ञान माझ्या आजोबांना सांगत होते की तुझा जन्म या जातीत झाला तो तुझ्याच पूर्वजन्मीच्या पापामुळे, तेच आता मला माझ्या आतड्यातल्या गाठीचे कारण सांगत होते. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत का नाकारला, हे त्या दिवशी मला पुस्तकाशिवाय समजले. दुःखी माणसालाच त्याच्या दुःखाचा गुन्हेगार ठरवायची ही युक्ती आहे.

बरोबरीचे माणूस मला भेटले ते दादरला, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. मुंबईत उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना तिथे आसरा मिळतो. दर दोन आठवड्यांनी माझी केमो असायची. छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्टमधून औषध जाते आणि त्यातले शेवटचे औषध ४६ तास पंपाने चालू राहते. ऑक्झॅलिप्लॅटिन नावाच्या औषधामुळे थंड पाण्याला हात लावला तरी बोटांत सुया टोचतात, थंड घोट घेतला तर गळ्यात काच अडकल्यासारखे वाटते. एका पहाटे मी नळाखाली पिशवी धुवायचा प्रयत्न करत होतो आणि हात मागे घेत होतो. मागून आवाज आला, "बाळा, थंड पाण्यात हात घालू नको. सर, मी दाखवते."

त्या मावशी नगरपालिकेच्या निवृत्त सफाई कामगार होत्या. त्यांनाही हाच आजार होता आणि चार वर्षांपासून पिशवी होती. त्यांनी मला शिकवले की पिशवी पूर्ण भरायची वाट बघायची नाही, तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. चकतीचे भोक छिद्राच्या मापाचेच कापायचे, मोठे कापले तर कातडी सोलते. प्रवासात एक जास्तीची पिशवी आधीच कापून जवळ ठेवायची. मोर्चात जायचे असेल तर कमरेला पट्टा बांधायचा. हे मला कुणी इतक्या सोप्या भाषेत सांगितले नव्हते.

मी म्हणालो, "मावशी, लाज वाटते हो." त्या म्हणाल्या, "तीस वर्षं दुसऱ्यांची घाण उचलली, तेव्हा उचलायला लावणाऱ्यांना लाज वाटली नाही. आता स्वतःची उचलते, तर मला कसली लाज?"

मी हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध मोर्चे काढले आहेत. १९९३ चा कायदा आणि २०१३ चा कायदा यांवर भाषणे दिली आहेत. तरीही माझ्याच शरीरातून बाहेर येणाऱ्या मैल्याची मला जी किळस वाटत होती, ती कुठून आली होती? ती विटाळाच्या त्याच व्यवस्थेने माझ्या डोक्यात भरलेली होती. माणसाचा मैला ही शरीराची साधी गोष्ट आहे. त्याला अपवित्र ठरवून काही माणसांच्या माथी मारले गेले आणि मग त्या माणसांनाही अपवित्र ठरवले गेले. हे मी व्यासपीठावरून सांगत होतो, पण न्हाणीघरात विसरत होतो. आणखी एक कबुली देतो. मावशींच्या गळ्यात देवीचा टाक होता, त्या आमच्या जातीच्या नव्हत्या, धम्मातही आल्या नव्हत्या. एरवी मी त्यांना प्रबोधनाची गरज असलेली बाई समजलो असतो. प्रबोधन माझे झाले.

आता काही साथी म्हणतील, हे वैयक्तिक चोचले आहेत. खरा प्रश्न आरोग्याच्या खाजगीकरणाचा आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार नाहीत याचा आहे, त्यावर बोला. बोलू या, बोललेच पाहिजे. पण जो माणूस आपला आजार शेजाऱ्याला सांगू शकत नाही, तो सरकारकडे काय मागणार? पिशव्या मोफत मिळाव्यात ही मागणी कोण करील, पिशवीच लपवून ठेवली तर? महाडचा सत्याग्रह १९२७ साली झाला, पण बाबासाहेबांनी वसतिगृहेही काढली आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेजही काढले. हक्कासाठी लढणे आणि एकमेकांना सांभाळायची जागा उभी करणे, ही दोन्ही कामे त्यांनी केली.

दुसरे कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी आजाराची कुरकूर केली का? मधुमेह होता, पाय दुखत होते, तरी संविधान लिहिले. खरे आहे. पण आपण त्यांच्या आजाराची फक्त त्यागकथा केली. आपल्याला सांभाळणारे माणूस हवे, हे त्यांनी स्वतः कबूल केले होते. १९४८ साली डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न करताना त्यांनी भाऊराव गायकवाडांना पत्र लिहून आपल्या प्रकृतीची स्थिती मोकळेपणाने कळवली होती. आधार मागणे ही दुर्बलता असती तर त्यांनी ती कागदावर उतरवली नसती.

आणि भगवान बुद्धांचे काय? 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी एक प्रसंग घेतला आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. कुणी त्याच्याकडे जात नव्हते, कारण तो संघाच्या काही उपयोगाचा राहिला नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि अंथरुणावर निजवले. मग भिक्खूंना समजावले की तुम्हाला सांभाळायला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना सांभाळले नाही तर कोण सांभाळणार? विनयात आजाऱ्याचेही कर्तव्य सांगितले आहे, आपला त्रास सेवा करणाऱ्याला जसा आहे तसा सांगावा. मी वर्षभर हेच कर्तव्य चुकवले. 'अत्त दीप भव' याचा अर्थ एकट्याने सोसा असा मी लावला होता. तसा असता तर संघ कशाला हवा होता?

मावशींचा फोन चार महिन्यांपासून लागत नाही. त्यांच्या गावचा पत्ता मी कधी विचारला नाही. चौथ्या टप्प्यातल्या माणसांची मैत्री अशी मधेच तुटते. म्हणूनच एका माणसावर विसंबून चालत नाही, वर्तुळ हवे.

आमच्या विहारात आम्ही ते सुरू करतो आहोत. महिन्यातून एक रविवार, वंदनेनंतर एक तास. कॅन्सर असलेले, झालेले आणि त्यांना सांभाळणारे एवढेच लोक बसतील. नियम थोडे आहेत. कुणी औषध सुचवायचे नाही, बाबा-बुवा सांगायचा नाही. "लढा" असे म्हणायचे नाही, आधी ऐकायचे. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. ज्याने योजनेचे कागद केले आहेत त्याने दुसऱ्याला शिकवायचे. वेदना सहन करत बसायचे नाही, डॉक्टरांकडे वेदनाशमनाचा आग्रह धरायचा. मॉर्फिनसारखी औषधे गरजू रुग्णांना मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आहे, ती कागदावर राहू द्यायची नाही. आणि मरणाबद्दल बोलायचे असेल तर बोलू द्यायचे, विषय बदलायचा नाही.

माझे स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. यकृतातल्या गाठी वाढल्या की आटल्या, ते तेव्हा कळेल. पुढच्या १४ एप्रिलला मी असेन की नाही, मला माहीत नाही. असलो तर कमरेला पट्टा बांधून मिरवणुकीत येईन. तुमच्यापैकी कुणाच्या पोटावर पिशवी असेल तर माझ्या शेजारी चाला. जास्तीची पिशवी मी जवळ ठेवीन.

जय भीम!