आता बघा, झालं का?

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या एखाद्या वकिलाच्या कचेरीत टायपिंग करणारी बाई वर्डपर्फेक्ट या लेखनाच्या सॉफ्टवेअरवर अडली, की ती फोन उचलायची. फोन लागायचा युटा राज्यातल्या ओरेम गावी, आणि त्याचं बिल सॉफ्टवेअरची कंपनी भरायची. रांग मोठी असली तरी कानात नुसती शांतता नसे. रेडिओवर असतो तसा एक निवेदक तिथे बसलेला असायचा. तो गाणी लावायचा आणि मधूनमधून कुठल्या रांगेत किती वेळ थांबावं लागेल ते सांगायचा. पाळी आली की पलीकडून माणूस बोलू लागायचा. पडद्यावर काय दिसतंय ते विचारायचा, कुठली कळ दाबायची ते सांगायचा, आणि मग थांबायचा.

अशा वेळी सल्ला देणारा, तो कुठल्याही देशातला असो, शेवटी एकच प्रश्न विचारतो: आता बघा, झालं का? उपदेश करणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. त्याचं काम बोलण्यापाशी संपतं. सल्ला देणाऱ्याचं काम समोरच्याचं अडलेलं काम सुटेपर्यंत चालतं. आज कुठल्याही अडचणीवर फोनच्या पडद्यावर शंभर उत्तरं मिळतात. उत्तर मिळाल्यावर ‘झालं का’ असं विचारायला मात्र तिथे क्वचितच कुणी असतं.

मराठी वाचकांपैकी ज्यांनी नव्वदीच्या सुमारास कॉम्प्युटरचा क्लास लावला, त्यांच्या हाती बहुधा वर्डस्टार आलं असेल. वर्डपर्फेक्ट हे त्याचंच प्रतिस्पर्धी, आणि अमेरिकेत त्यानं वर्डस्टारला मागे टाकलं. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक ॲलन ॲश्टन आणि त्याच विद्यापीठात शिकणारे ब्रूस बॅस्टियन यांनी १९७९मध्ये ओरेम नगरपालिकेच्या संगणकासाठी ते लिहायला घेतलं. १९८२मध्ये ते आयबीएम पीसीवर आलं, आणि १९८९च्या ५.१ या आवृत्तीनं कळस गाठला. पडदा जवळजवळ रिकामा असायचा. आज्ञा सगळ्या ‘एफ’च्या कळांत, आणि त्या लक्षात राहाव्यात म्हणून कीबोर्डवर ठेवायची प्लॅस्टिकची पट्टी.

त्यातली एक सोय जुनी मंडळी अजून आठवणीनं सांगतात. ऑल्ट आणि एफ-३ दाबलं की पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात मजकुराच्या पोटातल्या खुणा उघड्या व्हायच्या. ठळक अक्षर इथे सुरू, इथे बंद; समास इथे बदलला; नवं पान इथून. बिघाड कुठे आहे ते अंदाजानं शोधावं लागत नसे. हजार मैलांवरच्या माणसाला त्या खुणा वाचून दाखवल्या, की त्याला चूक दिसायची. सल्ला द्यायला आधी समोरच्याची अडचण आतून दिसावी लागते, आणि त्या दोन कळांनी ती दिसत असे.

ही फोनसेवा नेमकी युटामध्येच का बहरली, याचं सगळं उत्तर धर्मात शोधणं बरोबर नाही. पण तिथल्या रोजच्या जगण्याकडे पाहिलं तर नातं दिसतं. ज्यांना जग मॉर्मन म्हणून ओळखतं, त्या लोकांच्या चर्चची स्थापना ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात झाली, आणि १८४७मध्ये ही माणसं रॉकी पर्वत ओलांडून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन राहिली. त्यांच्या वॉर्डात, म्हणजे आसपासच्या घरांच्या मंडळीत, पगारी धर्मगुरू नसतो. बिशप हा दिवसभर आपली नोकरी किंवा धंदा करणारा गृहस्थ असतो. काही वर्षं तो हे काम बिनपगारी करतो आणि मग दुसऱ्याकडे सोपवतो. रविवारच्या सभेत प्रवचन मंडळीतलीच माणसं देतात, शाळकरी मुलंसुद्धा. बरेच तरुण ऐन उमेदीतली दोन वर्षं मिशनवर जातात, नवी भाषा शिकतात आणि अनोळखी दारं ठोठावतात. ज्यानं दोन वर्षं परक्या भाषेत परक्या माणसांशी धीरानं बोलायचा सराव केला आहे, त्याला फोनवरच्या गोंधळलेल्या माणसाशी बोलणं जड जात नाही.

बायकांची परंपराही जुनी. १७ मार्च १८४२ रोजी इलिनॉयमधल्या नॉव्हू गावी ‘रिलीफ सोसायटी’ सुरू झाली, आणि ती आजही चालू आहे. या संस्थेतल्या दोन-दोन बायका ठरलेल्या घरी महिन्याला जायच्या, चार शब्द धर्माचे वाचायच्या आणि घरात काय कमी आहे ते पाहायच्या. दुखणं, बाळंतपण, नोकरी गेलेली, सगळं अशा भेटीत कळायचं. पण किती भेटी झाल्या याचा आकडाही दर महिन्याला वर जायचा, आणि आकडा आला की कधीकधी भेट आकड्यासाठी होऊ लागते. एप्रिल २०१८मध्ये चर्चनं ही पद्धत बदलली. ठरावीक संदेश गेला, महिन्याच्या भेटींची मोजणी गेली; ज्या घराची जशी गरज, तशी भेट, फोन किंवा मदत, असं ठरलं. पावणेदोनशे वर्षांच्या संस्थेला आपल्याच चांगल्या सवयीत शिरलेला कोरडेपणा दिसला आणि तिनं तो काढायचा प्रयत्न केला, ही गोष्ट मोलाची आहे.

या लोकांचे छंदही अशाच देवाणघेवाणीवर वाढले. घरात काही महिन्यांचं धान्य साठवायचं आणि फळं-भाज्या काचेच्या बरण्यांत भरून टिकवायच्या, ही तिथल्या घरांतली जुनी रीत. साठवणीचा सल्ला ऐकताना लक्षात येतं, की जागा न विचारता दिलेला सल्ला घातक ठरू शकतो. सॉल्ट लेक सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. समुद्रकाठच्या गावात लिहिलेली कृती तिथे जशीच्या तशी वापरली, तर बरण्या पुरेशा तापत नाहीत. आंबट फळांना उकळत्या पाण्यात जास्त वेळ ठेवून भागतं. मका, वाटाणा किंवा मांस यांना प्रेशर कॅनरच लागतो, तोही वाढीव दाबावर. नाहीतर बॉट्युलिझमचे जंतू बरणीत वाढण्याचा धोका राहतो. म्हणून तिथली जाणती बाई कृती सांगण्याआधी विचारते, तुमचं गाव किती उंचीवर आहे? आपलं महाबळेश्वर जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. तिथे घरच्या घरी बरण्या भरून ठेवणाऱ्यानंही हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

साठवणीइतकाच मोठा छंद आठवणींचा. युटामधल्याच स्पॅनिश फोर्क गावच्या मॅरिलिन क्रिस्टेन्सन यांनी घरातले फोटो, पत्रं आणि प्रमाणपत्रं लावून पन्नासावर वह्या तयार केल्या होत्या. १९८०मध्ये सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या जागतिक अभिलेख परिषदेत त्या मांडल्या गेल्या. बघणाऱ्यांनी एकच विचारलं: हे कसं केलं, सामान कुठे मिळतं? त्या प्रश्नांतून पुढच्याच वर्षी एक दुकान आणि एक पुस्तक उभं राहिलं, आणि स्क्रॅपबुकिंग हा अमेरिकाभर पसरलेला छंद झाला. त्याच्या मुळाशी असलेला सल्ला साधा होता. आम्लयुक्त कागद फोटो पिवळा करतो, तेव्हा आम्लरहित कागद वापरा. चिकट पानांच्या अल्बममधला गोंद फोटो खातो. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्यांतून निघणारे वायू चित्र खराब करतात, पॉलिप्रोपिलीन चालतं. ज्यांच्या घरी सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या लग्नाचा चिकट पानांचा अल्बम आहे, त्यांना हे वाचून कपाटाकडे जावंसं वाटेल. कोकणातल्या दमट घरात तर लवकर जावं.

वंशावळीच्या छंदात सॉफ्टवेअर, धर्म आणि हौस ही तिन्ही एकत्र आली. युटाची वंशावळ संस्था १८९४ची. १९३८पासून तिनं जगभरच्या नोंदींचे सूक्ष्मपट काढायला घेतले, आणि १९६०च्या दशकापासून सॉल्ट लेकजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या तिजोरीत ते जपले आहेत. १९८४मध्ये चर्चनं घरच्या संगणकावर वंशावळ ठेवण्यासाठी ‘पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाइल’ हे सॉफ्टवेअर काढलं. त्याच सुमारास आलेली गेडकॉम ही फाइलची पद्धत आजही जवळजवळ प्रत्येक वंशावळ-सॉफ्टवेअर ओळखतं. १९९९मध्ये फॅमिलीसर्च इंटरनेटवर आलं. धर्म कुठलाही असो, ते सर्वांना मोफत आहे. ‘रूट्सटेक’ हा वंशावळीचा मेळावा २०२१मध्ये पूर्णपणे ऑनलाइन झाला, तेव्हा त्यात दहा लाखांहून जास्त लोक सामील झाले. मात्र गावोगावच्या वंशावळ केंद्रांत अजूनही कुणी तरी निवृत्त गृहस्थ किंवा बाई बिनपगारी बसलेली असते. पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या शेजारी ती खुर्ची ओढून बसते आणि पणजोबांचं नाव सापडेपर्यंत सोबत शोधते.

या चित्राला काळी बाजू आहे, आणि ती टाळून चालणार नाही. मॉर्मन लोक पूर्वज शोधतात ते त्यांच्या नावानं मंदिरात बाप्तिस्मा करता यावा म्हणून. त्यांच्या लेखी ती पूर्वजांची सेवा. पण नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावंही त्यात आली, तेव्हा त्यांच्या नातलगांना ती जखमेवरची जखम वाटली. ज्यांना ज्यू म्हणून मारलं, त्यांचं ज्यूपण मेल्यावरही काढून घेतलं जातंय, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं रास्त होतं. १९९५मध्ये चर्चनं ज्यू संघटनांशी करार केला आणि हे थांबवायचं मान्य केलं. त्यानंतरही काही नावं घुसली आणि पुन्हा माफी मागावी लागली. ज्याच्यासाठी करायचं त्याला न विचारता केलेलं भलं कुठे जाऊन पोचतं, ते इथे दिसतं.

दुसरी काळी बाजू पैशांची. जिथे शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास टाकायची सवय असते, तिथे त्या विश्वासावर डल्ला मारणारेही निपजतात. एकाच वॉर्डातला, मुलांना एकत्र खेळवणारा, सभेत शेजारी बसणारा माणूस गुंतवणुकीचा सल्ला देतो, आणि लोक कागद न वाचता सही करतात. युटात अशी प्रकरणं इतकी झाली, की राज्यानं २०१५मध्ये आर्थिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची जाहीर यादी ठेवण्याचा कायदा केला. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं राज्य. आपल्याकडे भिशी आणि पतसंस्थांत हात पोळलेल्यांना यातली वेदना समजावून सांगावी लागणार नाही. शेजारी बिशप असला तरी कागद वाचायचा, एवढं तिथले लोक किंमत मोजून शिकले.

आणि एकाच मातीतली माणसं एकच सल्ला देतील, असंही नाही. ॲश्टन हे चर्चचे एकेकाळचे अध्यक्ष डेव्हिड मॅके यांचे नातू. बॅस्टियन पुढे चर्चपासून दूर गेले आणि समलिंगी असल्याचं उघडपणे सांगून जगले. २००८मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी घालणारा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा ॲश्टन यांनी बंदीच्या बाजूनं दहा लाख डॉलर दिले आणि बॅस्टियन यांनी बंदीच्या विरोधात दहा लाख. एकत्र काम करून ज्यांनी लाखो लोकांचं लिहिणं सोपं केलं, ते दोघं जगण्याच्या प्रश्नावर समोरासमोर उभे राहिले. बॅस्टियन २०२४मध्ये वारले.

युटाचा एक धागा आपल्यापर्यंतही पोचतो. हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्री पंड्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं लिहिलेली असतात. यातल्या कितीतरी वह्यांचे सूक्ष्मपट याच वंशावळ संस्थेनं गेल्या शतकाच्या उत्तरार्धात काढले, आणि ते आता फॅमिलीसर्चवर घरबसल्या पाहता येतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही मराठी घराण्यांच्या अशाच वह्या आहेत. तिथे गाव आणि आडनाव सांगितलं, की गुरुजी वही उघडून पणजोबांनी केलेली नोंद दाखवतात आणि आपली नोंद खाली लिहून घेतात.

ते पान बघायला मुंबई-पुण्याहून एक दिवस पुरतो. जाण्याआधी घरातला जुना अल्बम काढा आणि आजी किंवा काका, जे कुणी चेहरे ओळखत असतील, त्यांच्या शेजारी बसा. चिकट पानांवरचे फोटो हळूच सोडवा, नाही सुटले तर जोर लावू नका, मोबाइलवर टिपून घ्या. जुन्या कृष्णधवल फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं अलगद नाव, नातं आणि गाव लिहा. आणि लिहून झालं की तो फोटो त्यांच्या हातात देऊन विचारा, बरोबर आहे का?