नायिकेचा नवरा : एक समीक्षाबाह्य प्रश्न

कादंबरी हा साहित्यप्रकार शिकवायला घेताना पहिल्याच तासाला मी विद्यार्थ्यांना एक ताकीद देत आले आहे : नायिकेने कोणाशी लग्न करायला हवे होते, हा प्रश्न समीक्षेचा नव्हे. पात्राला संहितेबाहेर आयुष्य नसते. एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली लेडी मॅक्बेथला मुले किती, असा प्रश्न आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारून ब्रॅडलेप्रणीत पात्रचिकित्सेची जी थट्टा केली, तिचा दाखलाही मी आवर्जून देते. उत्तरपत्रिकेत 'तिने त्याला नकार द्यायला नको होता' अशा धर्तीचे वाक्य आले की त्याखाली लाल रेघ ओढली जाते आणि एखादा गुण जातो. ही सवय मला माझ्या गुरुजनांकडून मिळाली आणि ती योग्यच आहे, याविषयी मला अनेक वर्षे शंका आली नव्हती.

२०२० च्या टाळेबंदीत ती शंका आली, आणि तीही एका कोरियन दूरदर्शन-मालिकेमुळे. हे सांगताना थोडा संकोच वाटतो, पण सांगणे भाग आहे. वडील आदल्या वर्षी गेले होते आणि आई आमच्याकडे राहायला आली होती. मुलगी अकरावीत होती. महाविद्यालये बंद. संध्याकाळी जेवणे आटोपली की मुलगी 'रिप्लाय १९८८' लावी; मी इंग्रजी उपशीर्षके वाची; आणि आईला कोरियन व इंग्रजी दोन्ही अगम्य असल्याने मुलगी तिला मराठीत कथा सांगत राही. वीस भागांची ही मालिका कोरियातील टीव्हीएन वाहिनीवर नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ या काळात शुक्रवारी आणि शनिवारी प्रसारित झाली. ली वू-जंग यांचे लेखन आणि शिन वोन-हो यांचे दिग्दर्शन. सोलमधील सांगमुन-दोंग या वस्तीतली एक गल्ली, तीत राहणारी काही कुटुंबे आणि एकत्र वाढलेली पाच समवयस्क मुले एवढाच तिचा संसार. पाचांत मुलगी एकटीच : दोक-सन.

कथनमीमांसेच्या दृष्टीने या मालिकेची आणि तिच्या आधीच्या दोन भावंडांची ('रिप्लाय १९९७', २०१२, 'रिप्लाय १९९४', २०१३) एक खोड लक्षणीय आहे. निवेदन वर्तमानातून होते. नायिकेचे लग्न झालेले आहे हे पहिल्यापासून ठाऊक असते. नवरा कोण, एवढेच दडवलेले असते. म्हणजे इथे उत्कंठा 'पुढे काय होणार' याची नाही. जे घडून गेले आहे ते कोणाबरोबर घडले, याची आहे. जेरार जनेत ज्याला निवेदकाने हातचे राखून ठेवणे म्हणतो, त्यावरच सारा डोलारा उभा आहे. 'प्रतिभासाधन'कार फडक्यांना ही युक्ती निःसंशय आवडली असती.

कोरियातील प्रेक्षकांनी ही युक्ती अक्षरशः डोक्यावर घेतली. त्यांचे दोन पक्ष पडले आणि पक्षांना नावेही पडली. काही झाले तरी नवरा र्‍यू जुन-योल, अशा अर्थाच्या कोरियन शब्दांची आद्याक्षरे जोडून झाले 'ओनाम-र्‍यू'. काही झाले तरी नवरा तेकच, असे म्हणणारे झाले 'ओनाम-तेक'. यातली गंमत पाहा : पहिल्या नावात नटाचे नाव आहे, दुसर्‍यात पात्राचे. र्‍यू जुन-योलने रंगवलेला जंग-ह्वान हा फटकळ आणि आतल्या गाठीचा मुलगा. पार्क बो-गमने रंगवलेला तेक हा 'गो' या पटावरच्या खेळातला असामान्य खेळाडू. दगडी बुद्ध अशी ख्याती असलेल्या ली चांग-हो या प्रत्यक्षातल्या खेळाडूवरून तो बेतला असल्याचे मानले जाते. पटापुढे अजिंक्य आणि पटाबाहेर बुटाची नाडी बांधतानाही गोंधळणारा.

आमच्या घरात पक्ष पडायला तिसरा-चौथा भाग उजाडावा लागला. मी जंग-ह्वानच्या बाजूची, मुलगी तेकच्या. मालिका तिने माझ्या आधी पाहिलेली होती, हे मला फार उशिरा कळले.

माझी बाजू मला स्वयंसिद्ध वाटत होती. गर्दीच्या बसमध्ये दोक-सनला धक्के लागू नयेत म्हणून जंग-ह्वान आपल्या हातांचा आडोसा करून उभा राहतो. कॅमेरा त्याच्या ताठरलेल्या हाताची शीर दाखवतो. तो काही बोलत नाही. पुढे जिवलग मित्राला, तेकला, तीच मुलगी आवडते हे कळल्यावर तो मागे सरतो. तेही न बोलता. आनंदवर्धनाच्या परंपरेत वाढलेल्या कोणाही वाचकाचे मन इथे गुंतणारच. जे सांगितले ते वाच्य, जे सुचवले ते श्रेष्ठ. ही उतरंड आम्ही इतकी वर्षे शिकवली आहे की ती काव्याची आहे की माणसांची, याचा विचार करायचेच राहून गेले. त्यात आपल्या कादंबर्‍यांतले त्यागी, मूक, दुरून पाहणारे प्रेमिक. खांडेकरांवर वाढलेल्या आमच्या मातांनी ते आमच्याही स्वभावात मुरवले होते.

मुलीने एका रात्री भाग थांबवला आणि म्हणाली, "आई, ती शीर तुला दिसली. दोक-सनला कुठे दिसली? ती तर पाठमोरी होती."

मी म्हणाले, "तिला जाणवायला हवे होते."

"कशावरून? कॅमेरा तिच्याकडे नाही."

या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्याला आम्ही वर्गात दृष्टिकोनाचा, नाभीकरणाचा प्रश्न म्हणतो (कोणाला दिसते, कोणाला कळते), तो हाच. ध्वनी सहृदयाला पोचतो, कारण संहिता त्याच्यासाठीच रचलेली असते. नायिका त्या संहितेत सहृदय नसते. ती नुसती बसमध्ये उभी असते. आपल्याला पुरवलेल्या पुराव्यावर आपण तिचा निकाल लावतो आणि तिने चुकीचा मनुष्य निवडला म्हणून हळहळतो. 'तिने त्याला नकार द्यायला नको होता' या वाक्याखाली मी ज्या कारणाने रेघ ओढत आले, तीच चूक मी घरी बसून रोज रात्री करीत होते. आणि ती दाखवून देणारी मुलगी मात्र 'नवरा कोण' हा समीक्षाबाह्य प्रश्न घेऊनच तिथवर पोचली होती.

याच वादात आम्हांला गतीचा प्रश्न भेटला. कोरियन प्रेक्षकांनी कथेच्या गतीसाठी दोन सुंदर संज्ञा घडवल्या आहेत : 'गोगुमा' आणि 'साइदा'. गोगुमा म्हणजे रताळे. पाण्याचा घोट न घेता रताळे खाल्ले की घशात तोठरा बसतो. पात्रे बोलत नाहीत, गैरसमज निवळत नाहीत, भागामागून भाग जातात, तेव्हा प्रेक्षक म्हणतात की रताळे झाले. साइदा म्हणजे लिंबाच्या चवीचे फसफसते सोडापेय : कोंडी एकदाची फुटते, ठसका उतरतो. आईला ही संज्ञा समजावून सांगावीच लागली नाही. एकादशीच्या दिवशी उकडलेले रताळे घशात अडकणे काय असते, हे तिला आम्हां दोघींहून अधिक ठाऊक.

ही पाकशास्त्रीय समीक्षा हसण्यावारी नेण्याजोगी नाही. 'ध्वन्यालोका'च्या तिसर्‍या उद्योतात रसाला बाधक ठरणार्‍या गोष्टी सांगितल्या आहेत. भलत्या वेळी रस तोडणे, भलत्या वेळी तो प्रकट करणे आणि पूर्ण परिपोष झालेल्या रसाला पुन्हा पुन्हा चेतवीत राहणे, या त्यांतल्या तीन. बाराशे वर्षांपूर्वीच्या काश्मीरमधील पंडिताने केलेली ही तक्रार आणि सोलमधील प्रेक्षकाची रताळ्याची तक्रार यांत जातीचा फरक मला तरी दिसत नाही. फरक आहे तो प्रतीक्षेचा. वोल्फगांग ईझर याने क्रमशः छापल्या जाणार्‍या कादंबरीसंबंधी दाखवून दिले आहे की दोन हप्त्यांमधला खंड वाचकाला कल्पनेने संहिता पुढे लिहायला लावतो. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो!' 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने वाचणार्‍यांची यमू आणि ग्रंथरूपाने वाचणार्‍या आमची यमू एकच नसणार. कोरियन प्रेक्षकाने दोक-सनच्या नवर्‍यासाठी दोन महिन्यांहून अधिक काळ वाट पाहिली. आम्ही तीच वाट दोन आठवड्यांत कापली. त्यातच, त्या काळी बहुतेक कोरियन मालिकांचे चित्रण प्रसारणाबरोबरच चालू असे. संवादाचे कागद ऐन वेळी तुकड्यातुकड्यांनी हाती पडत. त्यासाठी 'चोकदेबोन' असा खास शब्दच त्यांच्याकडे आहे. अशा व्यवस्थेत प्रेक्षकाला वाटते की आपला आवाज लेखिकेपर्यंत पोचू शकेल. हा वाद त्यामुळे निव्वळ अर्थनिर्णयाचा राहत नाही. त्यात अर्जविनंतीचाही सूर मिसळतो.

अठराव्या भागात निकाल लागतो. गाण्याच्या एका कार्यक्रमाच्या दाराशी दोक-सन एकटी उभी आहे. जंग-ह्वान गाडी भरधाव हाकत येतो, पण वाटेत लाल दिवे लागत जातात, आणि तो पोचतो तेव्हा तेक आधीच तिच्यासमोर उभा असतो. तेक एक सामना सोडून आला आहे. जंग-ह्वान स्वतःशीच कबूल करतो की दोष दिव्यांचा नव्हता, आपल्या कचरण्याचा होता. नंतर मित्रांच्या देखत तो तिला सारे सांगतो, अंगठी पुढे ठेवतो, आणि लगेच ही थट्टा होती असे भासवतो. अंगठी टेबलावरच राहते.

'ओनाम-र्‍यू' पक्षाचा संताप यानंतरचा आहे, आणि तो मला आजही पूर्णपणे अनाठायी वाटत नाही. वर्तमानकाळातला नवरा किम जू-ह्योक या नटाने रंगवला आहे, आणि त्याचे खोचक, तिरकस बोलणे तेकपेक्षा जंग-ह्वानच्या वळणाचे आहे. मग हे पेरलेले पुरावे कशासाठी? लेखिकेने मध्येच विचार बदलला की काय? उरलेल्या दोन भागांत जंग-ह्वान जवळजवळ दिसेनासा होतो, तो का? हे प्रश्न विचारणारे प्रेक्षक संहितेच्या अंतर्गत सुसंगतीविषयी बोलत होते, लेखकाच्या हेतूला किती मान द्यायचा याविषयी बोलत होते. त्यांना परिभाषा ठाऊक नव्हती इतकेच. आपल्याकडच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षांत याहून सैल युक्तिवाद मी ऐकले आहेत. (केलेही असतील.)

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांचा ताण दाखवला आहे. प्रेक्षकांचा हा वाद म्हणजे लौकिकतावादाचे निखळ उदाहरण, असे म्हणून मी तो बाजूला सारणार होते. पण अठरावा भाग संपल्यावर जे घडले त्याने ती सोय राहिली नाही.

आई इतका वेळ गप्प होती. अंगठीचा प्रसंग मुलीने तिला सांगितला. ती म्हणाली, "तो मुलगा नुसता बघत उभा राहतो. तिला काय कळणार, बाई? तुझे बाबा असेच."

मी म्हणाले, "आई, बाबांचं प्रेम होतं गं तुझ्यावर. सगळ्यांना दिसायचं."

"तुम्हांला दिसायचं," ती म्हणाली. "मला कधी कोणी सांगितलं नाही."

वडील अबोल होते. मी पुण्याला संशोधनासाठी निघाले तेव्हा ते एसटी स्टँडवर आले, पिशवी वरच्या फळीवर ठेवली आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्याविषयी बोलताना हा प्रसंग मी किती वेळा सांगितला आहे, आणि दर वेळी ऐकणार्‍यांचे डोळे भरून आले आहेत. त्यांच्या मौनाचा अर्थ लावायला मी शिकले होते. त्या मौनाबरोबर सत्तेचाळीस वर्षे घर चालवण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. आईला ते मौन व्यंजना म्हणून कधी भेटलेच नाही. तिच्या वाट्याला ते नुसते मौन म्हणून आले.

अभिनवगुप्ताने रसविघ्ने सांगताना प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखाच्या आहारी जाणे हे एक विघ्न गणले आहे. आईचे ते वाक्य त्या कसोटीवर विघ्नच ठरेल. ठरो. त्या विघ्नाशिवाय ती मालिका मला जंग-ह्वानच्या बाजूनेच दिसत राहिली असती, एवढे मात्र खरे. आयन आंग यांनी 'डॅलस' पाहणार्‍या डच प्रेक्षकांची बेचाळीस पत्रे घेऊन १९८० च्या दशकात जे पुस्तक लिहिले, त्यात भावनिक वास्तववाद अशी एक संकल्पना आहे : कथानक कितीही अवास्तव असो, त्यातल्या भावस्थिती प्रेक्षकाला आपल्या जगण्यातल्या म्हणून खर्‍या वाटतात. हे पुस्तक मी एम. ए.च्या वर्गाला वर्षानुवर्षे सांगत आले. माझी आई ही त्रेचाळिसावी पत्रलेखिका असू शकते, हे मला सुचले नव्हते.

या वर्षीच्या सत्रपरीक्षेत एका विद्यार्थिनीने लिहिले आहे की कादंबरीतल्या नायिकेने त्या माणसाला होकार देऊन चूक केली, आणि पुढे दोन पाने ती चूक का, हे तिने नायिकेला त्या वेळी काय ठाऊक होते आणि काय नव्हते, याचा हिशेब मांडून दाखवले आहे. लाल पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसले. गुण दिले. तासाला मात्र अजून जुनी ताकीदच देते. तिच्या जागी काय सांगायचे ते मला अजून जमलेले नाही.

शेवटचा भाग आम्ही पाहिला त्या रात्री आईला मध्येच झोप लागली. तिचे सारे लक्ष नायिकेच्या थोरल्या बहिणीकडे, बो-राकडे होते. बो-रा आणि तिचा प्रियकर सन-वू या दोघांचे आडनाव एक, कुळाचे मूळ गाव एक. आणि अशा विवाहाला कोरियाच्या कायद्यात बंदी होती. तेथील घटनापीठाने ती १९९७ साली घटनेशी विसंगत ठरवली आणि २००५ मध्ये ती कायद्यातून गेली. मुलगी हे समजावून सांगू लागली तेव्हा आईने तिला मध्येच थांबवले होते : "सगोत्र आहेत म्हण की." आपल्याकडे ही अट १९४६ च्या कायद्याने सैल झाली, हे तिला ठाऊक नव्हते, मात्र त्यावरून अडलेली लग्ने तिने पाहिली होती. दोक-सनचा नवरा कोण यावर आम्ही दोघींनी घातलेला वाद तिने पंधरा दिवस ऐकून घेतला होता. सकाळी चहाचे आधण ठेवताना तिने एवढेच विचारले, "त्या सगोत्रांचं झालं का गं लग्न?"